पुढच्या गुरुवारचं पाणी

आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर सांडपाण्याचा जो पाइप आहे, त्यातून पुढच्या आठवड्याचं पाणी गळतं. आज गुरुवार असेल तर पुढच्या गुरुवारी आम्ही मोरीत जे पाणी सोडणार असतो, ते आज त्याच वेळेला थेंब थेंब बाहेर येतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पाइप चार इंची आहे, आयएसआय मार्कचा आहे आणि बाकी त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मी प्रल्हाद औंढेकर. टपालखात्यात बत्तीस वर्षं सॉर्टिंगला होतो. आजच्या पत्रावर कालचा शिक्का बसला तर मला जेवण जात नसे. तारखेच्या बाबतीत मी काटेकोर आहे. माझी बायको कुमुद याला दुसरा शब्द वापरते. नोकरीत तीन गावांना बदल्या झाल्या आणि तिन्ही ठिकाणच्या क्वार्टरचा मागचा पाइप गळायचा. मी अर्ज करायचो, खातं माणूस पाठवायचं, माणूस जोडाला सोल्युशन फासून जायचा आणि पाइप गळत राहायचा. सरकारी बांधकाम म्हटल्यावर त्याचं कोणी मनावर घेत नाही. निवृत्तीनंतर मात्र या तालुक्याच्या गावी स्वतःचं घर बांधलं, समोर उभा राहून पाइप बसवून घेतला, आणि तो वास्तुशांतीच्या आठ दिवस आधीच गळायला लागला. तेव्हा घरात कोणी राहायलासुद्धा आलेलं नव्हतं.

आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, मंगळवारी सकाळी. नळाला पाणी आलं की आमच्या शिक्षक कॉलनीतली प्रत्येक बाई आदल्या मंगळवारचं उरलेलं पाणी शिळं म्हणून ओतून देते आणि ताजं भरते. सहा दिवस थेंब थेंब जपायचा आणि सातव्या दिवशी दोन-दोन बादल्या मोरीत रित्या करायच्या, यातलं शास्त्र मला कळलेलं नाही. पण त्यावर बोललेलं कुमुदला खपत नाही. सांगायचा मुद्दा असा, की आमचा पाइप बरोब्बर एक आठवडा पुढे असल्यामुळे मंगळवारचा लोंढा मंगळवारीच यायचा. त्यामुळे कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते शेजारच्या बिडवई सरांमुळे. सर गणित शिकवून निवृत्त झालेले. पाइपाचं तोंड त्यांच्या कुंपणाकडे आहे आणि तिथल्या ओलीवर बिडवई बाईंनी अळू लावला होता. अळवाला त्यांची हरकत नव्हती, आवाजाला होती. दुपारी आडवं झालं की ते थेंब मोजायला लागत आणि मोजणी पूर्ण झाल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. ती पूर्ण होण्यासारखी नव्हती. शेवटी त्यांनी मला लेखी पत्र दिलं आणि मी रंगनाथ मिस्त्रीला बोलावलं.

रंगनाथ मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याची पद्धत अशी, की आधी पाइपाला कान लावून पाच मिनिटं उभं राहायचं. शनिवारी सकाळी तो आला, कान लावला, मग टाकीचा कॉक बंद केला आणि न्हाणी, संडास, स्वयंपाकघरातली मोरी सगळं कोरडं पुसून घ्यायला सांगितलं.

"दोन तास कुणी चूळबी भरू नका," तो म्हणाला.

दोन तासांनी आम्ही मागे गेलो. पाइप गळत होता.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" बिडवई सर कुंपणावरून म्हणाले.

"पोहऱ्यात तर यायलंय सर," मिस्त्री म्हणाला. "आता आड हुडकावा लागंल."

त्यानं कुमुदकडे नीळ मागितली. ती तिनं आदल्याच दिवशी आणली होती. बादलीभर पाण्यात दोन चमचे नीळ कालवून त्यानं न्हाणीत ओतली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी घड्याळ पाहिलं होतं. निळं पाणी जिथून झिरपेल तिथं दोष, असा साधा हिशेब. आम्ही तासभर बघत बसलो. पाइपातून स्वच्छ पाणी गळत होतं, आणि निळं कुठूनच आलं नाही.

तेवढ्यात बिडवई बाई अळूची पानं खुडायला आल्या. "आज परत नीळ टाकली का वहिनी?" त्यांनी कुमुदला विचारलं.

"आज टाकली, पण आली नाही."

"मागच्या शनिवारी आली होती की. सगळी पानं निळी झाली. अळूचं फतफतं करणार होते, ते राहिलं. अकराच्या सुमाराला."

"मागच्या शनिवारी आमच्या घरात नीळच नव्हती," कुमुद म्हणाली.

मिस्त्रीनं थेंबाखाली तळवा धरला आणि वास घेतला. "वहिनी, आज मेथी धुतली?"

"नाही. आज वांगी आहेत."

"पुढच्या शनवारी धुवा," मिस्त्री म्हणाला आणि हात धोतराला पुसले. "हे पाणी आठ दिवस पुढचं हाय. वायसरचं काम न्हाई."

मी विचारलं, पाइप बदलला तर? तो म्हणाला, बदलून काही होत नसतं. त्याच्या पाहण्यात अशी दोन घरं होती. एकाच्या पाइपातून चार दिवस मागचं पाणी यायचं. त्यानं तीन पाइप बदलले, शेवटी घर विकलं, आणि नव्या घरी गेल्यावर तिथंही तेच.

"मग करायचं काय?"

"आलेलं पाणी सोडायचं," मिस्त्री म्हणाला. "पायपानं जेवढं दाखवलं तेवढं त्या दिवशी मोरीत पडलं पाहिजे. न्हाई पडलं तर पायप हवा धरतो. मग माझ्याकडं येऊ नका."

पुढच्या शनिवारी बाजारात मेथी स्वस्त होती. कुमुदनं दोन जुड्या आणल्या आणि धुतल्या. त्या दिवसापासून मी वही घातली. कोणत्या वाराला, किती वाजता, कसलं पाणी गळलं ते लिहायचं, आणि पुढच्या आठवड्यात त्या वेळेला तसं पाणी सोडलं जातंय ना हे बघायचं. टपालखात्यात आवक आधी आणि जावक नंतर असते. इथं उलट होतं, एवढाच फरक.

एकदा मी हट्टाला पेटलो. वहीत लिहिलेलं होतं: रविवार, आठ वाजून दहा मिनिटं, कडुनिंबाच्या साबणाचं पाणी, एक बादली. कडुनिंबाचा साबण घरात मीच वापरतो. मी ठरवलं, आज अंघोळ करायचीच नाही, बघू पाइप काय करतो. आठ वाजून पाच मिनिटांनी दार वाजलं. कुमुदचा भाऊ माधव त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. स्टँडवर उतरल्यावर गाव ओळखीचं म्हणून त्यानं केस कापून घेतले होते, आणि केस कापून आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय घरात वावरत नाही. त्यानं माझा साबण घेतला. नंतर मी पुन्हा तसले प्रयोग केले नाहीत.

एका रविवारी पाणीपुरवठ्याचे साहेब पाहणीला आले. कॉलनीत सगळ्यांचे ड्रम तळाला लागले असताना आमचा पाइप गळतो, असं कोणीतरी त्यांना कळवलं होतं.

"हे पाणी कोणत्या तारखेचं?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या रविवारचं."

"म्हणजे परवा मंगळवारी आम्ही जे सोडणार, त्यातलं?"

"त्यातलंच."

साहेबांनी थोडा विचार केला. "परवा पाणी सोडता येईल असं मला वाटत नाही. पंप जळालाय."

"सोडाल," मी म्हणालो. "त्यातलं हे गळतंय."

त्यांनी रुमाल काढून मान पुसली आणि कागदावर 'मंगळवारपर्यंत पंप दुरुस्त होत आहे' असं लिहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला आराम दिसला. तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन येतो. येतंय का, एवढंच विचारतात.

कुमुदला वहीचं कौतुक नव्हतं, पण रोज सकाळी केर काढल्यावर ती पाइपाखाली जाऊन उभी राहायची. मला वाटायचं, पुढच्या आठवड्याच्या भाजीचा अंदाज घेते. पुष्कळ दिवसांनी कळलं की ती शिकेकाईचा वास घेते. आमच्या घरात शिकेकाईनं न्हाणारी एकच व्यक्ती होती, आमची मुलगी मंजिरी.

मंजिरी एकुलती एक. नऊ वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, ती नाशिकला असते, जावई हेमंतराव बँकेत आहेत. आता आमच्या घराण्यात अशी रीत आहे, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. माझ्या वडिलांनी पाळली, त्यांच्या वडिलांनी पाळली. माझ्या बहिणीला वर्षाच्या आत मुलगा झाला, त्यामुळे वडिलांना फार काळ तहानलेलं राहावं लागलं नाही. मंजिरीला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, मग त्या दोघांनी तो विषय बंद केला. रीत मात्र चालूच राहिली, कारण ती कुठं थांबवायची हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी तिनं नवीन घर घेतलं तेव्हा आम्ही गेलो होतो. मी घरून बारा लिटरचा पाण्याचा कॅन नेला होता. दोघांचं पिणं, हातपाय धुणं, चहाही त्याच पाण्याचा. दुपारी तीनला कॅन संपला आणि मी चारच्या गाडीला निघायचं म्हणालो. मंजिरी दारात उभी होती. "मला मूल नाही म्हणून तुम्हाला तहान लागत नाही का, बाबा?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "गाडीची वेळ झाली."

त्यानंतर ती आमच्याकडे राहायला आली नाही. वास्तुशांतीला आली ती सकाळी येऊन संध्याकाळी गेली, आणि येताना स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आली. आमच्याकडचा पेला तिनं हातात धरला नाही. पाहुण्यांपैकी कोणाच्या ते लक्षात आलं नसेल. माझ्या आलं. रविवारी ती आईला फोन करते. माझ्याबद्दल विचारते, "बरे आहेत ना?"

गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पाइपातून चहाचं पातेलं विसळल्याचं पाणी आलं आणि त्यानंतर पाइप गळायचा थांबला.

मी अर्धा तास वाट पाहिली. मग खुर्ची आणून बसलो. बारा वाजले तरी थेंब नाही. बिडवई सर दुपारी गाढ झोपले आणि उठल्यावर कुंपणापाशी येऊन त्यांनी माझा हात हातात घेतला. मलाही आनंद झाला, कशाला नाही म्हणू. चार गावं आणि चाळीस वर्षांचं गळणं बंद झालं होतं. मी वहीत 'दुरुस्त' असं लिहिलं.

"दुरुस्त कसला?" कुमुद म्हणाली. "पुढच्या गुरुवारी पावणेदहानंतर आपण पाणी सोडत नाही आहोत."

"म्हणजे?"

"म्हणजे सोडत नाही आहोत."

शुक्रवारी थेंब नाही, शनिवारीही नाही. घरात माणसं दोनच, आणि दोघांपैकी कोणीही अंघोळ करत नाही, भांडी विसळत नाही, चूळ भरत नाही. याचा अर्थ काय होतो हे मला शनिवारी दुपारी जेवताना कळलं. कुमुदच्या नकळत पेन्शनच्या कागदांवरचं वारसाचं नाव तपासून घेतलं. कपाटाच्या किल्ल्या कुठं आहेत ते एका पोस्टकार्डावर लिहून देवघरात ठेवलं. दूधवाल्याला सांगितलं, शुक्रवारपासून दूध नको.

"गावाला चाललात का काका?" तो म्हणाला.

"ते अजून नक्की नाही."

रविवारी साहेबांचा फोन आला. येत नाही, असं मी सांगितलं. गावाचं पाणी बंद होणार नाही, फक्त आमचं होणार आहे, असं मी त्यांना समजावलं. "मग ठीक आहे," ते म्हणाले. पाठोपाठ बिडवई बाई आल्या. अळू माना टाकायला लागला होता, आणि पाइप बंद करताना शेजाऱ्यांना विचारायची पद्धत असते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी रंगनाथ मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. त्यानं कान लावला. मग शिडीवर चढून वरून सळई घातली, खालून काढली, फुंकर मारली.

"पायप चांगला हाय साहेब. पाणीच न्हाई त्याच्यात."

"तेच विचारतोय," मी म्हणालो. कुमुद आत आहे हे बघून घेतलं. "माझा अंदाज असा आहे, की गुरुवारी सकाळी आम्ही दोघंही जातोय."

"कुठं?"

मी वर बोट केलं.

मिस्त्रीनं सळई पुसली. त्याला हसू आलं नाही, हे मला बरं वाटलं. "साहेब, मयतीच्या घराला पाणी किती लागतंय ठाव हाय का?" तो म्हणाला. "मयताला अंघोळ. खांदेकरी आले की त्यांच्या अंघोळी. घर धुणं. दहा दिवस पावणेरावळे, भांड्यांचा ढीग. माझ्या चुलत्याच्या वक्ताला तीन टँकर लागले. तुमचा पायप ठणठणीत कोरडा हाय. ही मयत न्हाई."

बिनतोड होतं. मरण एवढं कोरडं नसतं, आणि आमच्या नातेवाइकांत तर नसतंच. मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसलो. 

"मग काय समजायचं?"

"घराला कुलूप हाय," मिस्त्री म्हणाला. "दुसरं काय?"

संध्याकाळी मी कुमुदला सांगितलं, की गुरुवारी आपण कुठंतरी जाणार आहोत असं दिसतं. मी वहीच्या मागच्या पानावर जागा लिहून काढल्या होत्या. माधवकडे लग्नाची गडबड होती. माझ्या बहिणीकडे गुडघ्याचं ऑपरेशन. तुळजापूरला एक दिवस पुरतो. कुमुद ऐकत होती. ऐकता ऐकता ती उठली आणि माळ्यावरची बॅग खाली काढली.

"मला मंजिरीकडे जायचंय," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मी बोलले नाही. रोज त्या पाइपाखाली उभी राहिले. ती येणार नाही हे मला कळत होतं, तरी राहिले. आता मी जाणार."

"ती बोलावत नाही आपल्याला."

"पोटच्या पोरीनं बोलवायचं असतं होय?"

"आणि पाणी?"

कुमुदनं बॅगेवरची धूळ फडक्यानं पुसली. "तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली.

मंगळवारी नळाला पाणी आलं. मी वीस लिटरचा नवा कॅन आणून तो गळ्यापर्यंत भरला. कुमुदनं तो पाहिला आणि म्हणाली, "उचलणार तुम्हीच असाल तर न्या." आम्ही मंजिरीला फोन केला नाही. कुमुद म्हणाली, कशाला, आणि मला ते बरंच वाटलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मरणाची रविवारीच गेली होती. दार उघडून पोरगी काय म्हणेल, याची होती.

गुरुवारी सकाळी चहा झाल्यावर कुमुद पातेलं घेऊन मोरीपाशी उभी राहिली. मी घड्याळ पाहत होतो. ते पातेलं तसंच ठेवून आपण घरी बसलो तर काय होईल, असा विचार माझ्या मनात आला होता. पण माधवचे ओले, कापलेले केस मला आठवले. नऊ चाळीसला मी मान हलवली आणि तिनं पातेलं विसळलं. सव्वादहाची नाशिक गाडी वेळेवर होती. कंडक्टरनं कॅन मागच्या सीटखाली ठेवायला सांगितला. तो मागे आणि आम्ही पुढे, त्यामुळे वाटेत पाणी पिणं झालं नाही. येवल्यापाशी माझा घसा सुकला होता, पण चालत्या गाडीत मागे कोण जाणार.

मंजिरीचं घर तळमजल्याला आहे. पाच वाजून पाच मिनिटांनी मी बेल दाबली. एका हातात कॅन होता.

मंजिरीनं दार उघडलं. केसांत दोन-तीन पांढरे दिसले, ते माझ्या माहितीत नव्हते. ती आमच्याकडे बघून चकित झाली नाही.

"या," ती म्हणाली. "चपला आत घ्या, इथं कुत्रा नेतो."

आतल्या खोलीत दोन पलंगांवर धुतलेल्या चादरी घातलेल्या होत्या. उशाशी तांब्या-भांडं होतं. मोरीच्या कट्ट्यावर कडुनिंबाचा साबण होता, वेष्टनासकट. कुमुद साबणाकडे बघत राहिली, मग मंजिरीकडे.

"गेल्या गुरुवारपासून आमचा मागचा पाइप गळतोय," मंजिरी म्हणाली. "हेमंतनं दोनदा प्लंबर आणला. त्यानं जोड बदलला, काही उपयोग नाही. सोसायटीनं नोटीस दिलीय. पहिल्या दिवशी मला काही कळलं नाही. शुक्रवारी सकाळी काळं पाणी आलं, वास घेतला तर राखुंडी. राखुंडीनं दात घासणारा माणूस मला एकच माहीत आहे."

तिनं आम्हाला मागे नेलं. पाइपाखाली बादली लावलेली होती. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि दुधाचे खाडे लिहितात तसं त्याच्या चौकोनांत बारीक अक्षरात वेळेसकट लिहिलेलं होतं. अक्षर तिचं होतं, पद्धत माझी. मी चष्मा लावला. गेल्या शुक्रवारच्या चौकोनात साडेसहाला राखुंडी होती, सात वाजता 'साधं पाणी, खूप, एकदम', आठला कडुनिंब. शनिवारी मेथी. रविवारी सकाळी शिकेकाई, आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.

"शिकेकाई माझ्याकडे संपून चार वर्षं झाली," मंजिरी म्हणाली.

"मी आणलीय," कुमुद म्हणाली. "न्हाऊ घालीन तुला रविवारी." एवढं बोलून तिनं पदर डोळ्यांना लावला आणि पुढचं वाचायचं काम माझ्यावर सोडलं.

"सातला एकदम एवढं पाणी कसलं आलं, तेवढं कळलं नाही," मंजिरी म्हणाली. "वीसेक लिटर असेल. साबण नाही, काही नाही."

कुमुदनं पदर खाली घेतला आणि माझ्या हातातल्या कॅनकडे पाहिलं.

"ते शिळं पाणी," ती म्हणाली. "मंगळवारचं आहे."

मी कॅन खाली ठेवला. गेल्या गुरुवारच्या चौकोनात पहिलीच नोंद होती: 'पाच दहा, अर्धा पेला, साधं.' मंजिरी आत गेली आणि पेलाभर पाणी घेऊन आली. तिनं तो माझ्या हातात दिला नाही. मागच्या दारातल्या कट्ट्यावर ठेवला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीकडे बघत उभी राहिली.

पेला काठोकाठ भरलेला होता. पाइपातून आलं होतं ते अर्धंच. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं हे शोधून काढायला बत्तीस वर्षांच्या सॉर्टिंगची गरज नव्हती. घड्याळात पाच नऊ झाले होते. मला तहान लागली होती, आणि ती काही येवल्यापासूनची नव्हती.

"लागते," मी म्हणालो.

मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं. काय लागते, असं तिनं विचारलं नाही.

मी पेला उचलून तोंडाला लावला. नाशिकचं पाणी जरा गोडं असतं. अर्ध्यावर आल्यावर ठसका लागला आणि पुढे पिता येईना. मंजिरीनं माझ्या हातातून पेला घेतला, माझ्या पाठीवरून दोनदा हात फिरवला आणि उरलेलं पाणी मोरीत ओतलं. पाच दहा झाले होते. ते पाणी बाहेर आलं नाही. ते गेल्या गुरुवारी येऊन गेलं होतं.

मग पाइपानं एक थेंब सोडला, पाठोपाठ दुसरा. कुमुदनं वाकून वास घेतला.

"चहाची भांडी," ती म्हणाली. "तीन कपांची."

मंजिरीनं खिळ्याला अडकवलेलं पेन काढलं आणि आजच्या चौकोनावर टेकवलं. "किती वाजले, बाबा?"

मी घड्याळ पाहिलं आणि तिला वेळ सांगितली.